वाकलेलं क्षितिज

२ मे

पाट्या रंगवणाऱ्यांनो, भिंती सजवणाऱ्यांनो, पडद्यांवर पानंफुलं आखणाऱ्या माझ्या बहिणींनो! आपल्याला नेहमी शेवटी बोलावतात. इमारत बांधून होते, कारखाना सुरू होतो, फिती कापून झाल्या की मग कुणाच्या तरी लक्षात येतं, हे सगळं फारच कुरूप दिसतंय. तेव्हा आपली आठवण होते. इथे काय हवं, हे आपल्याला कधी कुणी विचारलं नाही. झाका, एवढंच सांगितलं.

झालं भाषण. श्रोते म्हणजे टेबलफॅन आणि विश्वनाथचा रिकामा कप. आमच्या मराठी मंडळात म्हणतात, प्रमिलाबाईंना माईक लागत नाही. खरं आहे ते. पण आज मी घाबरले आहे, आणि घाबरले की माझा आवाज चढतो. लिहितानाही.

काम आलंय. नरोलीच्या एका कारखान्यामागे उंच भिंत आहे. दोन ऑगस्टच्या मुक्तिदिनाआधी तिच्यावर निसर्गचित्र हवंय. कारखान्याच्या ऑफिसातला तुषार म्हणाला, "मॅडम, सिल्वासात लँडस्केप म्हटलं की तुमचंच नाव निघतं." थाप! सिल्वासात माझं नाव पडद्यांमुळे निघतं. खडोलीच्या मिलमध्ये मी अर्धं आयुष्य डिझाइनं केली. बांबू, लाटा, नारळाची झाडं. हातभर अंतरावर संपायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. मुंबईत कलाशाळेत होते तेव्हा सर म्हणायचे, मुलींनी एकट्याने डोंगरात जाऊन बसू नये, घरात फुलदाणी काढावी. मी डोंगरात जाऊन बसले. मग लग्न झालं, विश्वनाथची इथल्या सरकारी शाळेत नेमणूक झाली, आणि डोंगर पडद्यांवर आले.

आता सत्तावन्नाव्या वर्षी परांचीवर चढायचं. पण खरी भीती ती नाही. माझं चित्र पहिल्यांदाच कुणाला गुंडाळून कपाटात ठेवता येणार नाही. वाईट झालं तर ते रोज लोकांसमोर वाईट दिसेल.

६ मे

भिंत पाहून आले. वर कारखान्याचं आवार आहे, भराव टाकून उंच केलेलं. खाली भाड्याच्या खोल्यांची चाळ. वरची माती खाली येऊ नये म्हणून मध्ये ही दगडी भिंत. चाळ आणि भिंत यांच्यात जेमतेम अंगण. ऊन डोक्यावर होतं, तरी तिथे उभी राहिले तेव्हा अंगावर सावली पडल्यासारखं वाटलं. मान वर करून वरपर्यंत पाहिलं. एवढी मोठी जागा मला कधी कुणी दिली नव्हती.

जागा मोठी, पण घाण. भिंतीत जागोजागी पाइपाचे तुकडे बसवलेत, आणि त्यांतून पिवळट पाणी झिरपतं. वरची एखादी टाकी गळत असणार. प्रत्येक पाइपाखाली तांबडा ओघळ आहे. एवढ्या ओघळांवर आकाश कसं काढायचं?

पहिल्याच खोलीत केसरबाई राहते. नंदुरबारकडची. नवरा बारकू सुताच्या कारखान्यात, आणि ही शिफ्टवाल्या पोरांचे डबे करते. मला बघून कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ताई, ह्या भिंतले रोग शे. दिनरात मुतस! एवढा मोठा कारखाना, पण त्याले मोरी नई."

सगळी चाळ हसली. मी पण हसले. मग तिने आपलं अंगण दाखवलं. हिरवी बुरशी, चिखल, आणि त्यातच धुतलेल्या परातीची चळत. मला हसल्याचा राग आला.

११ मे

आज बोलले! आणि खणखणीत बोलले.

तुषार आला होता. चाळीतली माणसं दुपारची शिफ्ट सुटून नुकतीच आली होती. मी परांचीच्या पहिल्या फळीवर उभी राहिले. म्हटलं, या देशात पाणी नेहमी वरून खाली वाहतं आणि घाणही तशीच वाहते. वरच्यांनी सांडायचं आणि खालच्यांनी पुसायचं. तुमच्या लेकरांच्या दारात हे ओघळ का? वर बसलेल्यांनी आपलं पाणी वर ठेवावं! हे पाइप बुजवल्याशिवाय मी या भिंतीला ब्रश लावणार नाही.

टाळ्या पडल्या. बारकूने शिट्टी मारली. केसरबाईने डोळे पुसले.

तुषार म्हणाला, "मॅडम, एवढंच ना? उद्या सिमेंट मारून देतो."

मागणी इतकी पटकन मान्य झाली की माझी पंचाईत झाली. अर्धं भाषण तोंडातच राहिलं.

जेवताना विश्वनाथला सगळं सांगितलं. तो आमटी वाढून घेत म्हणाला, "मग ते पाणी आता कुठे जाणार गं?"

"जिथून आलं तिथे."

"पाणी उलटं जातं?"

"अहो, तुम्ही आयुष्यभर भूगोल शिकवलात म्हणून प्रत्येक गोष्टीत भूगोल आणू नका."

त्याने भात कालवायला घेतला. वादात मी जिंकले की तो असंच जेवणात डोकं घालतो.

२४ मे

भिंत कोरडी झाली. पुट्टी, प्रायमर, सगळं उत्तम बसलं. उंचीची भीती गेलेली नाही. रोज पहिली फळी चढताना दातावर दात घट्ट दाबते आणि वर गेल्यावर खाली बघत नाही.

आज पाण्याची रेघ मारली. चित्र मधुबनच्या जलाशयाचं आहे. मागे डोंगर, पुढे गवत, आणि मधोमध भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाण्याचं क्षितिज. बाकी सगळं मी डोळ्यांनी काढते, पण ही रेघ दोरीनेच मारायची. दोरीला गेरू लावला, एक टोक बारकूकडे दिलं, एक मी धरलं. ताणली. केसरबाईने मधोमध धरून सोडली. फट्! लालभडक, सरळसोट रेघ उठली. केसरबाईचं नाक गेरूने माखलं. बारकू म्हणाला, "आता खरी नवरी दिसते." तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला.

मी मागे जाऊन रेघ पाहिली. आयुष्यात इतकी सरळ रेघ मी मारली नव्हती.

९ जून

चित्र झालं. खाली कोपऱ्यात नाव घातलं. 'प्रमिला'तला 'ला' जरा घसरलाय.

कारखान्याचे मोठे साहेब येऊन फोटो काढून गेले. नंतर चाळीतल्यांनी मला बोलायला लावलं. मी म्हटलं, "इतकी वर्षं या भिंतीने तुमच्यावर घाण टाकली. आता ती तुमची आहे. बिनधास्त पाठ टेका तिला!"

आणि त्यांनी खरंच टेकली. भिंत कोरडी म्हणून केसरबाईने डब्यांचं स्वयंपाकघर बाहेर काढलं. भिंतीलगत पत्रा टाकला, त्याखाली दोन शेगड्या आणि पिठाचा डबा. शेजारच्या कावेरीने बाळाची झोळीही तिथेच बांधली, भिंतीच्या जुन्या कडीला. माझ्या जलाशयाच्या काठावर बाळ झोपलंय! कुठल्या प्रदर्शनात असा मान मिळाला असता?

घरी येताना सुखाने रडले. आणि लगेच, उगाचच, धडकी भरली. मला एवढं सुख मानवत नाही.

२७ जून

चार दिवस पाऊस थांबलेला नाही. रंग उतरला असेल या भीतीने आज छत्री घेऊन नरोलीला गेले. रंग जागच्या जागी. एकही ओघळ नाही! केवढं समाधान वाटलं.

केसरबाई मात्र कपड्यांच्या दोरीशी झगडत होती. दोरीचं एक टोक भिंतीच्या खिळ्याला, दुसरं तिच्या दाराच्या चौकटीला. "परवा ताणली, आज पुन्हा लोंबकळली," म्हणाली. "लुगडं चिखलात लोळतंय."

"नायलॉनची दोरी आण. सुती दोरी पावसात सैल होते."

"नायलॉनचीच शे ताई."

कपडे ओले, म्हणजे जड असणार. तिला म्हटलं, थोडे थोडे वाळत घाल.

भिंतीच्या पायथ्याशी फरशीच्या सांध्यातून पाणी वर येतंय. बारीक बुडबुडे. पावसाळाच आहे, येणारच. पण तिथे उभी असताना पहिल्या दिवशीसारखं वाटलं, अंगावर काहीतरी आल्यासारखं. पटकन निघाले.

८ जुलै

चित्रावर फोड आलेत. गवताच्या भागात, माणसाच्या उंचीवर. तळहाताएवढे. रंग मागून फुगलाय. रंग वाईट निघाला म्हणून दुकानदाराला फोनवर फैलावर घेतलं. तो बिचारा म्हणाला, "मॅडम, फोड म्हणजे मागे पाणी."

मागे पाणी कुठून येईल? पाइप तर बुजवलेत.

नखाने एक फोड फोडला. माझ्या मनगटावरून गार, तांबडं पाणी कोपरापर्यंत ओघळलं. बराच वेळ थांबेना. झोळीतलं बाळ माझ्याकडे बघून हसत होतं.

रात्रभर झोप नाही. काय खुपतंय ते कळत नाही. रंग खराब झाल्याचं दुःख असं नसतं. ते मला ठाऊक आहे.

१२ जुलै

लिहायला हवं, नाहीतर उद्या मीच म्हणेन की भास झाला.

आज चाळीच्या पार टोकाला गेले आणि भिंतीच्या कडेला गाल लावून चित्राकडे तिरकं पाहिलं. आम्ही चित्रकार असं बघतो, रंगाचा थर कुठे जाड कुठे पातळ ते दिसतं. पाण्याची रेघ दिसली. दोरीने मारलेली, माझ्या आयुष्यातली सर्वांत सरळ रेघ.

ती वाकली होती.

मधोमध पोट आलंय. भिंतीला. गरोदर बाईच्या पोटासारखं. आणि पोटाच्या बरोबर पुढे केसरबाईचा पत्रा, शेगड्या, झोळी. दोरी का लोंबते ते तेव्हा कळलं. दोरी लांब झाली नव्हती. भिंत दाराकडे आली होती.

ऑफिसात धावले. तुषार हसला. "मॅडम, तुम्ही आर्टिस्ट. तुम्हाला सरळ रेघसुद्धा वाकडी दिसते."

"अरे, उलट आहे! वाकडी रेघ मला सरळ दिसू शकत नाही."

"आठवड्याभरात माणूस पाठवतो."

मी वाद न घालताच परत फिरले. असं कधी झालं नव्हतं.

१३ जुलै

विश्वनाथने निलेशला बोलावलं. निलेश त्याचा जुना विद्यार्थी, आता वापीला सिव्हिल इंजिनिअर. त्याने भिंतीचा तोल बघायला ओळंबा लावला, इकडून बघितलं, तिकडून बघितलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"काकू, वरचा भराव पाणी पितो. ते पाणी निघून जावं म्हणून भिंतीत पाइप ठेवतात. ते बंद झाले की सगळं पाणी भिंतीलाच ढकलत बसतं." मग सिमेंटच्या गोल डागांवर बोट ठेवून म्हणाला, "हे कुणी बुजवले?"

मी तोंड उघडलं. मंडळाची सभा गाजवणारं हे तोंड.

विश्वनाथ म्हणाला, "आम्ही."

त्याने तर सिमेंटला हातही लावला नव्हता. मी त्याच्याकडे पाहू शकले नाही.

"भिंत पडेल का रे?" मी विचारलं.

"कधी ते सांगता येत नाही, काकू. पण तिच्यापुढे माणूस नको. आजच्या आज नको."

१४ जुलै

सांगितलं. सगळ्यांना अंगणात गोळा करून सांगितलं. भिंत येतेय, खोल्या सोडा. माझी चूक झाली, तेही सांगितलं. विनवलं.

कुणी हललं नाही.

कावेरीचा नवरा गोकुळ म्हणाला, "मॅडम, मागच्या महिन्यात पाठ टेका म्हणालात, आता पळा म्हणता. आम्ही काय कवायत करतो?"

केसरबाई माझ्यावर रुसली. "तुम्हीच म्हणालात, ही भिंत आमची शे. आता पहिल्यांदा कोरडं अंगण भेटलं, तर काबर घाबरवता? मुक्तिदिनाले पाहुणे येतील, तेव्हा आम्ही नजरेसमोर नको, असंच ना? शेठने पढवलं तुम्हाले?"

"केसर, माझी शपथ आहे तुला."

"शपथा घालू नका ताई. पोळ्या जळतात."

मागच्या महिन्यात मी जे बोलले होते ते त्यांना पाठ आहे. आज बोलले ते एका कानातून दुसऱ्या कानात. खोल्यांचा मालक वापीला असतो, फोन उचलत नाही. सरकारी कार्यालयात विश्वनाथ अर्ज देऊन आला, ते म्हणाले पाहणी होईल. बाहेर पाऊस कोसळतोय. प्रत्येक सर आली की मी मोजते आहे असं वाटतं, काय ते ठाऊक नाही. जेवण गेलं नाही.

१५ जुलै

आज मी माझं चित्र फोडलं.

सकाळी गेले. केसरबाईचा बत्ता उचलला. ती ओरडली, "ताई, मसाला कुटायचा शे!" मी म्हटलं, "झोळी सोड आधी. कावेरी, बाळाला घे आणि रस्त्यावर जा. भिंतीसमोरून सगळे बाजूला व्हा." माझा चेहरा पाहून कावेरीने बाळ उचललं. निलेशने बजावलं होतं, भिंतीजवळ जाऊ नका. पण शब्दांनी काम होत नव्हतं आणि दुसरं काही माझ्यापाशी नव्हतं. विश्वनाथ माझा पदर धरून उभा होता. धरून ठेवायला की मला ओढून काढायला, कोण जाणे.

जलाशयाच्या काठावर, निळ्या रंगाखाली, सिमेंटचा एक गोल डाग मला माहीत होता. कडेला उभी राहून घाव घातला. रंगाचा टवका उडाला. दुसरा घाव. तिसरा नेम चुकून डोंगरावर बसला. चौथ्या घावाला सिमेंटचं बूच आपोआप बाहेर फेकलं गेलं, आणि मागून धार आली. धार कसली, मनगटाएवढा लोंढा, तांबडा, चिखलाचा. सरळ पत्र्याखाली गेला. दोन्ही शेगड्या फुस्स करून विझल्या. पिठाचा डबा आडवा झाला.

पाण्याचाच काय तो आवाज.

मग केसरबाईने वाकून परात उचलली, कडेवर घेतली आणि माझ्याकडे न बघता नवऱ्याला म्हणाली, "चल."

दुपारपर्यंत सगळी चाळ प्राथमिक शाळेच्या व्हरांड्यात आली. विश्वनाथने मास्तरांना गळ घातली होती.

१८ जुलै, शनिवार

पाऊस थांबला. ऊन पडलंय. या उन्हाची मला जेवढी भीती वाटते तेवढी पावसाची वाटली नव्हती.

तुषारने बाकीचे पाइप फोडून घेतले. पाणी निघतंय. तो शाळेत येऊन सगळ्यांना सांगून गेला, "प्रेशर गेलं, विषय संपला, आपापल्या खोलीत जा." निलेशने पुन्हा ओळंबा लावला. पोट होतं तिथेच आहे. तो म्हणतो, एकदा सुटलेली भिंत पाणी गेलं म्हणून मागे सरत नाही. ती उतरवूनच घ्यावी लागेल. पण त्याच्याकडे सरकारी शिक्का नाही. आणि पावसाची सुट्टी संपून सोमवारी शाळा भरते, व्हरांडा रिकामा करायचा आहे. लोक उद्या सकाळीच निघणार. केसरबाईचे डबे तीन दिवस बंद आहेत. ती आज मला म्हणाली, "ताई, पडायची असती तर पडली असती ना आतापर्यंत."

जाताना तुषारने मला बाजूला घेतलं. आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, चित्र दुरुस्त करून द्या. आणि ती रेघ पुन्हा मारा. अशी मारा की समोरून, कडेने, कुठूनही सरळ दिसेल. तुम्हाला जमेल ते."

जमेल. हेच तर भयंकर आहे. पोटाच्या जागी रेघ बोटभर खाली घ्यायची, सावल्या थोड्या फिरवायच्या, आणि वाकलेली भिंत कडेनेही सपाट दिसेल. पडद्यांच्या चुण्यांवर मी हेच करत आले. घरी येईपर्यंत माझ्या मनात ती रेघ मारूनसुद्धा झाली होती. मी त्याला नाही म्हटलं. पण तो दुसरा कुणी शोधेल, आणि मग ते पोट कुणालाच दिसणार नाही.

सगळ्यांना राहायला मंडळाचा हॉल मी मागून घेतला आहे. अध्यक्ष कुरकुरले, पण दिला. भिंत उतरेपर्यंत. केसरबाईच्या शेगड्या तिथल्या मागच्या पडवीत बसतील, विश्वनाथ आजच जागा झाडून आला.

उद्या उजाडताच व्हरांड्यात बोलायचं आहे. बसल्या बसल्या पाच पानं लिहिली आणि फाडली. सगळी छान होती. टाळ्या पडल्या असत्या आणि टाळ्या वाजवून लोक खोल्यांत गेले असते. तेव्हा एवढंच बोलेन, हळू बोलेन, आणि प्रत्येकापुढे जाऊन बोलेन:

केसरबाई, बारकू, गोकुळ, कावेरी. ऊन पडलंय म्हणून जाऊ नका. भिंत उभी आहे म्हणून जाऊ नका. मी आधी चुकले होते, आताही चुकत असेन असं वाटत असेल तर तसं समजा, आणि ती उतरल्यावर मला वेडी म्हणा, मी ऐकून घेईन. आत्ता मला तुमचा विश्वास नको, टाळी नको, माफी नको. कनवटीला हात घाला, खोलीची किल्ली काढा, आणि माझ्या हातात द्या.